तूर आहे, बारदाना नाही

बंगळुरू,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येळवसच्या अमावस्येला शेतातल्या कोपीपाशी आंबील पिताना मामानं विचारलं, "पोरगी तिकडं काय करलाली?" आणि बाबा, तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालात, "माश्या मारते." सगळे हसले, मीही हसले. त्यात खोटं काही नव्हतंच. पण रात्री आईनं हळूच विचारलं, "खरंच गं, एवढी वर्षं काय बघतीस त्या माश्यांत?" तेव्हा मी झोप लागल्याचं सोंग घेतलं. सांगता येईना म्हणून. आता लिहून बघते.

बाबा, २०१७ ची तूर आठवते ना? पाऊस बरा झाला होता, तूर उदंड आली होती आणि भाव पडला होता. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत चार रात्री काढल्या. मी डबा घेऊन आले, तर आत काटा होता, हमाल होते, बाहेर रस्ताभर तूर होती, आणि काट्याच्या पत्र्यावर एक कुत्रं निवांत झोपलं होतं. कारण काय, तर बारदाना संपला, तूर भरायला पोतीच नाहीत. कोलकात्याहून निघालाय, येतोय, असं सांगायचे.

माझा सगळा अभ्यास त्या बारदान्याचा आहे.

आपल्या अंगातली नस पुढच्या पेशीशी बोलते ती रसायन सांडून. ते रसायन नसेच्या टोकाशी सुटं पडलेलं नसतं, पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी केवढी? एका मिलिमीटरात २५,००० ओळीनं बसतील एवढी. तेवढ्याशा पिशवीत रसायनाचे काही हजार रेणू असतात. निरोप आला की पिशवी टोकाच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि आतला माल बाहेर सांडतो. इथं मात्र आपल्या पोत्यापेक्षा वेगळं घडतं. पोतं रिकामं होऊन बाजूला पडतं, ही पिशवी भिंतीतच मिसळून जाते. दोघींचं कापड एकच, स्निग्ध पदार्थाचा पातळ पापुद्रा. म्हणजे एकेका निरोपागणिक आतली पोती कमी आणि भिंत तेवढी मोठी.

मग नवी पोती मागवावीत? मुख्य गोदाम आहे कमरेच्या मणक्यात आणि नसेचं टोक पायाच्या अंगठ्यात. मध्ये मीटरभर अंतर. नसेतली सगळ्यात वेगवान वाहतूकही दिवसाला ४० सेंटीमीटरच्या आसपास जाते. म्हणजे अडीच दिवस! आणि निरोप तर सेकंदाला दहा-वीस सुटत असतात. कोलकात्याची वाट बघत बसलं तर उंबरठासुद्धा ओलांडता यायचा नाही. म्हणून टोक काय करतं, तर भिंतीत गेलेलं कापड जागच्या जागी परत ओढून घेतं, त्याची पुन्हा पिशवी करतं आणि पुन्हा भरतं.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते १९७३ मध्ये, बेडकाच्या स्नायूवर. ह्यूझर आणि रीस या दोघांनी नसेच्या बाहेर असा पदार्थ सोडला, की तो जिथं शिरेल तिथं नंतर काळा डाग दिसावा. नसेला भरपूर काम करायला लावलं आणि मग पाहिलं, तर डाग आतल्या पिशव्यांत. बाहेरची वस्तू आत आली, म्हणजे पिशवी बाहेरच्या भिंतीपासूनच बनली असणार. मला हा प्रयोग फार आवडतो. मशीनपेक्षा डोकं जास्त वापरलंय.

आता माझ्या माश्या. केळावर घोंगावतात ती चिलटं. त्यांची एक जात आहे, ती थंडाव्यात अगदी धडधाकट असते. बाटली ३० अंशांच्या पाण्यात धरली की मिनिटभर त्या काचेवर चढत राहतात, मग एकेक खाली पडते, पाय हलत नाहीत, पंख हलत नाहीत. बाटली बाहेर काढून गार केली की थोड्या वेळानं उठून उडायला लागतात. (लातूरला या मार्चातच आडव्या झाल्या असत्या.) मी हे रोज करते, तरी दर वेळी हातातलं काम थांबवून बघते. पडलेल्या माशीच्या नसेचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत पिशव्या जवळजवळ नाहीतच. भिंतीला मात्र अर्धवट ओढलेल्या पिशव्या लटकलेल्या, मान न तुटलेल्या. तूर आहे, बारदाना नाही.

मान का तुटत नाही ते १९९१ मध्ये कळलं. आई, हे तुझ्यासाठी. कापड आत ओढताना तीन पायांच्या तुकड्यांची एक जाळी त्याला धरते, शिंकाळ्यात मडकं बसावं तशी. मग डायनॅमिन नावाचं प्रथिन पिशवीच्या मानेभोवती सुतळीसारखे वेढे घालतं, आवळतं आणि तोडतं. या माश्यांचं डायनॅमिन उष्णतेत काम सोडतं. पुढं शिंकाळं उतरवायचं, पिशवी पंपानं भरायची, रांगेत लावायची. शिंकाळं उतरवायला मदत करणारं एक प्रथिन बिघडलं की ऐन तारुण्यात कंपवात होतो, असं २०१३ मध्ये काही कुटुंबांत दिसून आलं. दिव्याखाली बसून उंदरानं कुरतडलेली पोती दाभणानं शिवतानाची तू मला प्रयोगशाळेत किती वेळा आठवतेस ते विचारू नकोस.

सगळं ठरलेलं आहे असंही नाही. त्याच १९७३ मध्ये चेकारेल्ली आणि त्यांच्या साथीदारांनीही बेडकाचाच स्नायू घेतला आणि म्हणाले, पिशवी भिंतीत मिसळत नाही, नुसतं तोंड लावून परत फिरते. वर्षानुवर्षं भांडण चाललं. मग २०१३ मध्ये वातानाबे आणि जॉर्गेन्सन यांनी नसेला प्रकाशाच्या झोतानं चेतवून लगेच गोठवलं, तर सेकंदाच्या दहाव्या भागातच कापड आत ओढलेलं सापडलं. माझं मत विचाराल तर, जशी घाई तशी पद्धत असावी. पण माझ्या मताला इथं अजून कोणी विचारत नाही.

त्या माश्यांचं नाव शिबिरे. जपानी शब्द आहे, मुंग्या येऊन बधिर होणं असा अर्थ. बाबा, हे नाव वाचलं की हल्ली मला तुमचे पाय दिसतात. येळवसला बांधावरून उतरताना तुमची चप्पल मागं राहिली आणि तुम्ही दहा पावलं तसेच चाललात. आईनं हाक मारली तेव्हा खाली पाहिलंत. ते या बारदान्याचं प्रकरण नव्हे. पण रक्तात साखर वाढली की सगळ्यात लांबच्या नसा आधी खराब होतात, म्हणजे पायाच्या. तुम्ही म्हणाल, बसून बसून मुंग्या आल्या. आल्या असतील. तरी या आठवड्यात लातूरला जाऊन उपाशीपोटी रक्त तपासून या, आणि डॉक्टरांना चपलेचं सांगा.

आई, ते गेले नाहीत तर "गेले होते" म्हणून फोनवर सांगू नकोस. रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची,
अक्का