मुलांच्या गोष्टींवरून त्यांचा निकाल लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका शाळेत झालेल्या ‘व्यक्तिमत्त्व चाचणी शिबिरा’ची बातमी आपल्या जिल्हा पुरवणीत फोटोसह आली. मुलांना चित्रे दाखवली, त्यांच्याकडून गोष्टी लिहून घेतल्या, त्यावरून प्रत्येकाच्या मनाचा अहवाल तयार झाला आणि आता पालकांना पाल्याचा कल वेळेआधीच कळणार, असे त्या बातमीत म्हटले होते. मी दारव्हा तालुक्यात राहते. माझी सगळी नोकरी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवण्यात गेली आणि प्रक्षेपण चाचण्यांची, म्हणजे संदिग्ध चित्र वगैरे दाखवून माणसाच्या उत्तरातून त्याचे मन वाचू पाहणाऱ्या चाचण्यांची, प्रात्यक्षिके मीच घेत असे. त्या शिबिराचे काही अहवाल पालकांनी माझ्याकडे आणून दाखवले. ते वाचल्यावर गप्प राहणे मला जमणार नाही.

बातमीत चाचणीचे नाव नव्हते, पण अहवालांवर आहे: थिमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट. आम्ही तिला टीएटी म्हणतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय चिकित्सालयात हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी ती बसवली. १९३५ साली तिच्यावरचा पहिला लेख आला, १९४३ साली चित्रांचा संच छापून निघाला. संचात ३१ कार्डे असतात आणि त्यांतले एक पूर्ण कोरे असते. चित्रे मुद्दाम संदिग्ध ठेवलेली आहेत. इथे काय चालले आहे, याआधी काय घडले, ही माणसे काय विचार करताहेत, त्यांना काय वाटते आहे आणि शेवटी काय होते, हे सांगणाऱ्याने आपल्या मनाने सांगायचे. सांगताना तो आपल्या गरजा, भीती, नात्यांतले ताण नकळत त्या चित्रातल्या माणसांवर घालतो, असे या चाचणीमागचे गृहीतक आहे.

मरे यांच्या पद्धतीत एका माणसाला २० कार्डे दाखवायची, तीही दोन बैठकांत आणि मध्ये किमान एक दिवस सोडून. समोर एक तपासणारा आणि एक सांगणारा. गोष्ट अर्धवट राहिली तर तपासणारा विचारतो, ‘मग पुढे?’ आमच्याकडच्या शिबिरात आठवीचा अख्खा वर्ग एका खोलीत बसवला, भिंतीवर प्रोजेक्टरने मोजकी चित्रे दाखवली आणि एका तासिकेत सगळ्यांकडून कागद भरून घेतले. एकाही मुलाला कुणी ‘मग पुढे?’ असे विचारले नाही. माझा मुख्य आक्षेप याच गोष्टीला आहे.

एका मुलाचा अहवाल मी त्याच्या आईच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे मांडते. (चित्रे आधीच ठाऊक झाली तर चाचणी निकामी होते, म्हणून ज्यांचे वर्णन पाठ्यपुस्तकांतही असते अशा दोनच चित्रांबद्दल लिहिते.) लाकडी घराच्या उंबऱ्यावर एकटा बसलेला लहान मुलगा, असे ते चित्र. या मुलाने लिहिले होते: ‘पोराची माय मजुरीले गेली. बाप वावरात गेला. पोरगा दारात बसून वाट पाहून राह्यला. रात झाली तरी बाप आला नाही. मंग चुलता आला आन म्हणे चाल.’ गोष्ट इथेच थांबते. अहवालात त्यावर लिहिले आहे: ‘वडिलांविषयी सुप्त शत्रुत्व. त्यांच्या अनुपस्थितीची इच्छा. परित्यक्ततेची भावना. नैराश्याकडे कल.’

त्याची आई तो कागद घेऊन आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. ‘बाई, आमच्या पोराले काय झालं व? बापाचा राग करते म्हणून लिवलं याच्यात.’ मी मुलाला जवळ बसवले आणि त्याचीच गोष्ट त्याला वाचून दाखवली. मग विचारले, ‘चुलता त्याला कुठे घेऊन गेला?’ तो म्हणाला, ‘वावरात. रातची लाइन होती नं बाई. बाप ओलीत करून राह्यला होता. एकट्यानं पाणी वळवनं होत नाही, मंग चुलत्याले धाडलं पोराले आनाले.’

शेतीपंपाची वीज आमच्याकडे आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत रात्रीची पाळी आली की कास्तकार बॅटरी घेऊन वावरात जातो, सापाकाट्यात पाणी देतो आणि पहाटे घरी येतो. वावरातल्या बापाला रात्र होणे ही इथल्या प्रत्येक मुलाच्या घरातली गोष्ट आहे. या मुलाच्या गोष्टीत बापाने मदतीला पोराला बोलावले होते. पोर त्या घराच्या कामात धरलेले आहे, टाकलेले नाही. काळजीही आहे त्यात, वाट पाहणेही आहे, आणि ते वाट पाहणे मी हलके समजत नाही. पण शत्रुत्व कुठे आहे? एक प्रश्न विचारला असता तर गोष्ट पूर्ण झाली असती आणि अहवालातली चारही विधाने लिहिता आली नसती.

दुसरे चित्र सगळ्यांत प्रसिद्ध. टेबलावर व्हायोलिन आहे आणि एक मुलगा त्याकडे बघत बसला आहे. नेहमीची अपेक्षित गोष्ट अशी की आईवडील सराव करायला लावतात आणि मुलगा कंटाळला आहे, किंवा त्याला मोठा वादक व्हायचे आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट मी आजवर विसरलेले नाही. त्याने व्हायोलिन कधी पाहिले नव्हते. तो म्हणाला, हा नाथजोग्याचा पोरगा आहे, समोर बापाची किंगरी आहे, बाप ती वाजवत गावोगाव भिक्षा मागतो, शाळेत पोरे याला त्यावरून चिडवतात, आणि बाप आता आजारी पडला म्हणून किंगरी याच्या हातात यायची वेळ आली आहे. ‘त्याले वाजवता येते. पन तो हात लावून नाही राह्यला.’ छापील तक्ता घेऊन बसलेला माणूस यात महत्त्वाकांक्षेच्या रकान्यात शून्य भरेल. ज्याला किंगरी ठाऊक आहे त्याला यात शाळा आणि बाप यांच्यामध्ये उभा असलेला एक हुशार, लाजरा मुलगा दिसेल. तरीही तो मुलगा म्हणजे हा विद्यार्थीच, असे म्हणायला मी एका गोष्टीवरून धजणार नाही. शेजारच्या घरातले पाहिलेले असेल, गावात ऐकलेले असेल.

ही अडचण मला आज नव्याने सुचलेली नाही. चित्रातली माणसे सांगणाऱ्याच्या जगातली असावीत म्हणून अमेरिकेतच थॉम्पसन यांनी १९४९ साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळी चित्रे केली. आपल्याकडे उमा चौधरी यांनी १९६०च्या सुमारास भारतीय रूपांतर केले. त्या शिबिरात मात्र मूळ अमेरिकी चित्रेच, तीही इंटरनेटवरून उतरवलेली, दाखवल्याचे मुले सांगतात.

आणखी एक गोष्ट शिबिराच्या आयोजकांनी ऐकावी. अ‍ॅटकिन्सन आणि मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली अमेरिकी नौदलातल्या जवानांवर एक प्रयोग छापला. काहींना जेवून १ तास झाला होता, काहींना ४, काहींना १६. चित्रे पाहून लिहिलेल्या गोष्टी तपासल्या तर भुकेच्या तासांप्रमाणे त्यांतली अन्नाची टंचाई आणि अन्न मिळवण्यासाठीची धडपड वाढत गेली होती. म्हणजे त्या दिवसाची पोटाची अवस्थासुद्धा गोष्टीत उतरते. आमच्या शाळेत ही चाचणी सकाळी, खिचडी वाटण्याच्या आधी झाली. बरीच मुले घरून चहा पिऊन आलेली असतात. एका मुलीच्या गोष्टीत सगळे जण भाकरीची वाट पाहताहेत, आणि तिच्या अहवालात ‘मातृप्रेमाची वंचितता’ असे शब्द आहेत.

कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणाऱ्या मुलांचे अहवाल पाहून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ती मुले घरी कोलामी बोलतात, मास्तरांशी वऱ्हाडी, आणि कागदावर पुस्तकी मराठी लिहायची त्यांच्यावर सक्ती. त्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. अहवाल म्हणतो: ‘कल्पनाशक्ती मर्यादित, भावनिक जीवन कोरडे.’ त्यांच्यापैकी एकाला मी ओट्यावर बसवून त्याच्या बोलीत, मध्ये त्याच्या थोरल्या बहिणीला घेऊन, तेच चित्र सांगायला लावले. तो इतका वेळ बोलत राहिला की बहीणच थकली.

आता शास्त्र या चाचणीबद्दल काय म्हणते तेही सांगते, कारण ‘परदेशात सिद्ध झालेली पद्धत’ असे बातमीत म्हटले होते. मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्तृत्वाची प्रेरणा मोजण्यासाठी गोष्टींना गुण देण्याचे काटेकोर नियम केले. प्रशिक्षित तपासनीसांचे गुण त्यात चांगले जुळतात, पण त्याचा उपयोग मुख्यतः संशोधनात होतो. ड्रू वेस्टन यांनी गोष्टीतली माणसे आणि त्यांची नाती कशी रंगवली आहेत हे मोजण्याची श्रेणी तयार केली, तिच्यामागेही बरेच काम आहे. या दोन्हींत तपासनीसाला आधी नीट शिकावे लागते. तक्ता आणि नियम बाजूला ठेवून, वाचता वाचता मनात उमटले ते लिहायचे, अशा वाचनाला मात्र पुरेसा आधार नाही, हे लिलियनफेल्ड, वूड आणि गार्ब यांनी २००० साली प्रक्षेपण चाचण्यांचा मोठा आढावा घेऊन स्पष्ट सांगितले. मी पाहिलेले अहवाल या शेवटच्या प्रकारचे आहेत. निरनिराळ्या मुलांच्या अहवालांत तीच वाक्ये शब्दशः आहेत. पालक मात्र तो कागद रक्ततपासणीच्या रिपोर्टसारखा वाचतात.

तर मग ही चाचणी टाकून द्यावी का? माझे मत तसे नाही. एकदा एका मुलीने सांगितलेल्या गोष्टींत, चित्र कोणतेही असो, कुणीतरी रात्री दार आतून लावून घेत होते. शेताचे चित्र असले तरी, आजीचे असले तरी. एका गोष्टीत आले असते तर मी सोडून दिले असते. पुन्हा पुन्हा आले म्हणून मी कुठलाही निष्कर्ष लिहिला नाही, तिच्याशी ओळख वाढवली, आणि योग्य वेळी साधेपणाने विचारले. तिने जे सांगितले ते वर्तमानपत्रात लिहायचे नाही. पण त्यामुळे तिला मदत मिळाली. गोष्टीचे काम इतकेच: पुढे कोणता प्रश्न विचारायचा ते सुचवणे. उत्तर त्या मुलाकडूनच यायला हवे, आणि त्याच्या घराकडे, शाळेकडे, प्रकृतीकडे पाहून ते पडताळायला हवे.

आमच्या जिल्ह्यात यातला एक भाग जिवावरचा आहे, म्हणून तो वेगळा लिहिते. बऱ्याच मुलांच्या गोष्टींत कर्ज आहे, दोर आहे, फवारणीच्या औषधाचा डबा आहे. इथे नवल कसले? त्यांनी गावात अंत्ययात्रा पाहिल्या आहेत, २०१७च्या फवारणीच्या विषबाधेत कुणाचा काका गमावला आहे, औषधाचे डबे घराच्या कोपऱ्यात उभे असतात. अशी गोष्ट लिहिणारे प्रत्येक मूल स्वतः त्या विचारात आहे, असे समजू नये. पण त्याहून वाईट म्हणजे ‘आत्मघाती प्रवृत्ती’ असे दोन शब्द छापून, तो कागद पंधरा दिवसांनी पालकसभेत हातात द्यायचा. ज्याला खरेच तशी शंका आली, त्याने त्याच दिवशी त्या मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारायला हवे होते: ‘तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारले की बहुतेकांना मोकळे वाटते. उत्तर हो आले तर मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे कुलपात जावीत आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला न्यावे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. पालकसभेत अहवालांऐवजी हा क्रमांक वाटला असता तर बरे झाले असते.

शाळांना आणि शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. अशा चाचण्यांचा अर्थ लावणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हे आधी पाहा. पालकांची लेखी परवानगी घ्या आणि कशासाठी घेता ते त्यांना कळेल अशा बोलीत सांगा. अख्ख्या वर्गाची घाऊक चाचणी घेऊ नका. ज्या मुलाबद्दल शिक्षकांना काळजी वाटते त्याच्यासाठी तज्ज्ञाला बोलवा, मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या, आणि ती गोष्ट आमचे जगणे ठाऊक असलेल्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन वाचा.

जे अहवाल वाटले गेले, त्यांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहेत. उंबऱ्यावरच्या मुलाची गोष्ट लिहिणाऱ्याला वर्गातली मुले आता ‘बापाचा दुश्मन’ म्हणून हाका मारतात. मुख्याध्यापकांनी ते फोटो आजच काढायला लावावेत, आणि अहवालांच्या प्रती मुलांच्या दाखल्याच्या फायलीत लावू नयेत. पुढच्या वर्षी ही मुले नववीला तालुक्याच्या शाळेत जातील, तिथल्या शिक्षकांच्या हाती हे कागद पडता कामा नयेत.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ