गुटगुटीत पिल्लाचं कौतुक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या पाळीव प्राण्यांचे फोटो येतात, ते मी आवर्जून बघते. गेल्या रविवारी चार महिन्यांच्या लॅब्रॅडॉरचा फोटो होता. मान दिसतच नव्हती, पोट फरशीला टेकलेलं आणि खाली ओळ होती, ‘किती गुटगुटीत!’ ती वाचून मला राहवलं नाही. अगदी असंच पिल्लू माझ्या घरात होतं. त्याचे पुढे काय हाल झाले ते मी नऊ वर्षं बघितलं आहे, म्हणून हे पत्र.

मिरजेत आमचं किराणा दुकान आहे. २०१२च्या दिवाळीत मुलाच्या हट्टाने राजाला आणला, तेव्हा तो जेमतेम चाळीस दिवसांचा होता. ज्याने विकला त्याने सोबत कॅल्शियमच्या औषधाची बाटली दिली. ‘मोठ्या जातीचं आहे, हाडं भरली पाहिजेत. दोन वेळा दोन-दोन चमचे.’ आम्ही एक दिवस चुकवला नाही. शिवाय सकाळी दूध-पोळी, दुपारी तूप-भात, रात्री दोन अंडी. दुकानात येणारं गिऱ्हाईक एखादं बिस्किट टाकून जायचं ते वेगळंच. चौथ्या महिन्यात राजा एकवीस किलो भरला आणि आम्ही गल्लीभर सांगत सुटलो.

जत भागातले एक धनगर मामा तेव्हा आमच्याकडे माल भरायला यायचे. त्यांच्या वाड्यावर कारवानी कुत्री, पोट आत गेलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. राजाकडे बघून ते म्हणाले, ‘वैनी, हे कुत्रं हाय का बोकड? बोकड विकायचा म्हणून चारत्यात. कुत्र्याला पळायचं असतंय.’ मला राग आला होता. कारवानी जात मुळातच सडपातळ, तिची तुलना लॅब्रॅडॉरशी कशाला, असं मी मनात म्हटलं. पण मामांचं बरोबर होतं.

सातव्या महिन्यात राजा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागला. आम्हाला ते गोड वाटायचं. मग तो उठताना आधी पुढच्या पायांवर उभा राहायचा, मागचा भाग तसाच बसलेला, आणि दोन-तीनदा जोर लावल्यावर वर यायचा. आम्ही त्याच वर्षी दुकानातली शहाबादी काढून गुळगुळीत टाइल्स घातल्या होत्या. त्यावर त्याचे पाय फाकायचे, नखांचा खरखर आवाज यायचा. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत घट्ट बसायला हवा, पण राजाची उखळ उथळ होती आणि गोळा अर्धा बाहेर. हा दोष रक्तातून येतो, हे खरं. आईबापांचे खुबे आम्ही विचारलेही नव्हते. पण डॉक्टर म्हणाले ते मी विसरले नाही : दोष घेऊन जन्मलेल्या पिल्लाचा सांधा किती बिघडणार, हे वाढत्या वयात त्यावर किती भार पडतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. तो भार आम्ही घातला होता.

कॅल्शियमचं तर मला फार उशिरा कळलं. मोठ्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं, बाकीचं सोडून देतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. मग हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, पक्कं हाड नीट बनत नाही. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर १९८०च्या दशकात हे तपासलं गेलं, जादा कॅल्शियम खाणाऱ्या पिल्लांची हाडं बिघडली. तरी अजूनही पिल्लू विकताना बाटली हातात देतात. प्रथिनांना मात्र लोक उगाच घाबरतात. त्याच विद्यापीठात पुढे तेही तपासलं, प्रथिनांनी हाडांचं काही बिघडलं नाही.

याचा अर्थ कॅल्शियम नकोच, असं कोणी धरू नये. नुसता भात आणि बिनहाडाचं मटण-चिकन घालून वाढवलेल्या पिल्लाची हाडं कॅल्शियम कमी पडून वाकतात, तेही मी आमच्याच गल्लीत बघितलं आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी वेगळं खाणं मिळतं, त्यात प्रमाण आधीच बसवलेलं असतं. त्यावर वरून बाटली ओतायची नाही, एवढंच. घरचंच घालायचं तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्यावं.

राजा २०२१ मध्ये गेला, नववं पूर्ण व्हायच्या आत. शेवटचं दीड वर्ष पोटाखालून पंचा घालून आम्ही त्याला अंगणात न्यायचो.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावून जन्मभर पाहणी झाली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री १३ वर्षांच्या पुढे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ वर्षांच्या पुढे. खुब्याचा दोषही कमी खाणाऱ्यांत कितीतरी कमी. आणि जास्त खाणारी काही राजासारखी ढोल नव्हती, आपण ‘तब्येतीने छान’ म्हणतो तशीच होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग २०२२च्या अखेरीस तारा आली. तीही लॅब्रॅडॉर, पण पूर्ण दोन महिन्यांची झाल्यावर, आणि आईबापांचे एक्स-रे बघून. दर रविवारी दुकान उघडायच्या आधी तिला पोत्यांच्या काट्यावर उभी करते आणि उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहिते. आली तेव्हा ४ किलो ८००. तिसरा महिना संपताना ९ किलो ६००. चौथा, १३ किलो २००. सहावा, १९ किलो ५००. वर्षाची झाली तेव्हा २५ किलो ९००. राजाने चौथ्या महिन्यात जे वजन गाठलं होतं, ते तिने सहा महिने उलटल्यावर गाठलं, आणि उंचीला ती कुठेही कमी नाही. उंची रक्तात असते, खाण्याने फक्त घाई होते.

नुसत्या काट्यावर मात्र भागत नाही, हात लावून बघावं लागतं. आपली मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर पिल्लू वाळलेलं. तळहाताच्या मांसल भागासारख्या दबून गेल्या तर जाड झालेलं. हात सपाट ठेवून त्याच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा लागल्या की ठीक. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर दिसली पाहिजे. मी हे गिऱ्हाइकांनासुद्धा गल्ल्यावर बसून दाखवते.

टाइल्सवर गोणपाट अंथरलं. पहिले तीन महिने जिना चढू-उतरू दिला नाही, पण मातीत मोकळी सोडली. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या पाहणीत नेमकं हेच आढळलं होतं, लहानपणी जिना वाईट, मऊ जमिनीवरचं बागडणं चांगलं. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झाल्यावर ताराची भूक वाढली, तेव्हा वाटी लहान केली. शेजारच्या काकू आजही म्हणतात, ‘उपाशी ठेवतेस का गं पोरीला?’ मी हसून बिस्किटाचा पुडा त्यांच्या हातातून काढून घेते.

संपादक महोदय, आपल्याकडे लहान मुलांचंही तेच. पूर्वीच्या सुदृढ बालक स्पर्धांत गालांवरून बक्षिसं ठरायची. पिल्लांच्या बाबतीत निदान आपण तरी तसं करू नका. फोटोखाली ‘गुटगुटीत’ लिहिण्याऐवजी वय आणि वजन लिहा. आणि पुरवणीत एखाद्या पशुवैद्यकांकडून मोठ्या जातींच्या पिल्लांचा महिनावार वजनाचा तक्ता छापा. कापून दुकानात लावायची जबाबदारी माझी.

ताराचा फोटो सोबत जोडत आहे. या रविवारी ती २६ किलो ८५० भरली.

आपली,
एक किराणा दुकानदार, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती.)