निम्मी रेकॉर्ड तुझी आहे

भुसावळ

प्रिय दिल्या,

पत्र नाही, फोन नाही म्हणून तू मला शिव्या घालून मोकळा झाला असशीलच. शुगर आटोक्यात आहे, गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं ऐक.

गार्डसाहेबांच्या त्या जुन्या रेकॉर्डचा, माइल्स डेव्हिसच्या जॅझच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू'चा, निकाल लागला. तिची पहिली बाजू तुझ्या पेटीशी का जुळत नव्हती ते कळलं. दोष प्लेअरच्या मोटरचा नाही, बेल्टचा नाही, आपल्या भुसावळच्या लाइटचाही नाही. तुझ्या पेटीचा तर नाहीच, आणि हे मी तेव्हाही घसा फोडून सांगत होतो. तू मात्र जळगावच्या त्या पेटीवाल्याचं जगणं हराम केलंस!

झालं काय, पोराने 'काइंड ऑफ ब्ल्यू'ची नवी 180 ग्रॅमची रेकॉर्ड मागवून दिली. पहिलंच गाणं 'सो व्हॉट' सुरू झालं आणि मला वाटलं, सूर उतरलाय. वेग तपासायची रेघांची स्ट्रोब डिस्क ठेवून ट्यूबलाइटखाली पाहिलं, तर 33च्या वेगाच्या रेघा जागच्या जागी उभ्या, म्हणजे वेग बरोबर. मग खोदत बसलो. 2 मार्च 1959ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत पहिल्या बाजूची तिन्ही गाणी झाली, त्या दिवशी तिथलं टेप मशीनच जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नीट वेगाने वाजवली की सूर चढणारच. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती बरोबर. 1992 साली जोडीला चालवलेल्या दुसऱ्या मशीनची टेप काढून ही चूक सुधारली. तोवर सगळं जग चढंच ऐकत होतं.

म्हणजे तू पेटीची पांढरी दोन धरून काफी रागासारखं छान वाजवायचास, आणि माइल्स डेव्हिस पांढरी दोन नि काळी दोनच्या मधे लोंबकळत असायचा. दुसरी बाजू जुळते, मग मोटर दोषी कशी, असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं: "भो, पहिल्या बाजूला मोटर थंड असते." वकील व्हायचास तू.

आता खरी पंचाईत. आपल्या जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर कोलंबियाच्या जुन्या छपाईची खूण, ते सहा डोळे, आहेत ना, त्यामुळे पुण्याचा एक जण ती घ्यायला तयार आहे. पोरगा म्हणतो, "बाबा, सारख्या दोन कशाला? चुकीची विका." त्याचं बरोबर आहे. मेमध्ये तापून कड वाकली आहे, सुरुवातीला टोनआर्म होडीसारखा हेलकावतो. कूलरच्या ओलीने कव्हरला बुरशी धरली होती, ती मऊ ब्रशने काढली. नवीत सॅक्सोफोनवाल्या कॉलट्रेनचा श्वासही ऐकू येतो. पण दिल्या, नवी लावली की मी आवाज तपासत बसतो. गाणं ऐकायचं झालं की हात जुनीकडेच जातो. कान त्या चढ्या सुरातच मुरलेत. हाय-फायवाले म्हणतात इमान राखा. कोणाशी, त्या दिवशी वाजवलेल्याशी की आपण ऐकलेल्याशी?

मी एकट्याने ठरवलंही असतं, पण निम्मे पैसे तुझे होते. ते तू विसरला असशील असं मला वाटत नाही, कारण तू काहीच विसरत नाहीस.

पिंकीचं लग्न नीट पार पडलं ना? फोटो पाहिले, जावई उंच आहे. रिटायरमेंटनंतर सकाळी उठतोस का?

भरिताची वांगी आली की ये, पेटी घेऊन ये. नवीवर एकदा पांढरी दोन लावून बघ, मग विकायचं की नाही ते बोलू. पुणेवाला किती देतो ते इथे लिहीत नाही. वहिनींनी पत्र वाचलं तर त्या तुझी संमती न विचारताच विकून टाकतील.

तुझा,
सुध्या