मराठीतून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

धरमपेठेतल्या अभ्यासिकेत दर रविवारी तुम्ही कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, व्हर्बलसाठी (इंग्रजीच्या विभागासाठी) आमच्याबरोबर बसलात, एक पैसाही न घेता. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून भागणार नाही. तुम्ही काय शिकवलंत ते इथे लिहितो. नागपुरात यंदा परीक्षा देणाऱ्या इतरांनाही ते कामी येईल.

सगळ्यात आधी तुम्ही शब्दांच्या याद्यांचं पाठांतर थांबवलंत. सध्याच्या पेपरात या विभागाचे २४ प्रश्न, त्यातले १६ उताऱ्यांवरचे. सुटे शब्दार्थ कोणी विचारत नाही. त्याऐवजी तुम्ही प्रत्येक परिच्छेदाला मराठीत एक ओळ लिहायला लावलीत. भाषांतर नव्हे, लेखक तिथे काय करतोय तेवढंच: मत मांडतो, खोडतो, की उदाहरण देतो? ओळ सुचली नाही तर परिच्छेद समजलेला नाही, पुन्हा वाचायचा. सवय झाली की लिहिणं सोडून ती ओळ मनात धरायची, कारण परीक्षेत तेवढा वेळ नसतो.

इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ या आर्टिकलांकडे बघायला तुम्ही शिकवलंत, त्याचं मोल फार आहे. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपली नजर त्यांच्यावरून घसरते. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना, आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच! इथे एक अक्षर सुटलं की लेखकाचा सूरच उलटा लागतो. वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नांतही तेच. एका वाक्यात ‘अ थिअरी’ आणि दुसऱ्यात ‘द थिअरी’ असेल, तर बहुतेक वेळा ‘अ’वालं आधी. ‘दिस डिक्लाइन’ने सुरू होणाऱ्या वाक्याआधी कसली तरी घसरण सांगणारं वाक्य हवंच. आधी अशा जोड्या बांधायच्या, पहिलं वाक्य नंतर शोधायचं.

चुकांच्या वहीत तीन रकाने होते: आपण निवडलेला पर्याय, बरोबर पर्याय, आणि आपला पर्याय नेमक्या कोणत्या शब्दामुळे पडला. तिसरा रकाना रिकामा ठेवलेला तुम्हाला कधीच चालला नाही. तो भरल्यावरच दिसलं की बहुतेक चुका एकाच जातीच्या आहेत: उताऱ्यात ‘ऑफन’ आणि पर्यायात ‘ऑल्वेज’. नाहीतर पर्याय एरवी खरा, पण उताऱ्यात त्याचा पत्ताच नाही.

वेळेचं गणित सरळ होतं. ४० मिनिटांत चार उतारे, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे २८. उरलेल्या १२ मिनिटांत बाकीचे आठ प्रश्न. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर एक वजा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी शून्यच. एक पर्याय खात्रीने बाद झाला की मात्र उत्तर द्यावं. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, म्हणून त्यातला एकही कोरा सोडायचा नाही.

तपासलेल्या वह्या अभ्यासिकेच्या कपाटात ठेवल्या आहेत. तिसऱ्या रकान्यातले तुमचे लाल पेनाचे शेरे पुढच्या बॅचला वाचता येतील. मनापासून आभार, मॅडम.

आपले,
रविवारच्या बॅचचे विद्यार्थी, नागपूर