मैदान राखून शाळा मिळवून देणाऱ्या बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

आमच्या कोळीवाड्यातील महापालिका शाळेचे पहिली ते पाचवीचे वर्ग या जूनपासून नव्या इमारतीत भरू लागले. उद्घाटनाच्या दिवशी लोकप्रतिनिधी आणि अभियंते यांचे आभार रीतसर मानले गेले. आपला नामोल्लेख मात्र करू नये, असे आपण बजावले होते. तो शब्द आम्ही आजही पाळत आहोत. परंतु आपण केलेले काम वस्तीतील पुढच्या पिढीला ठाऊक असावे, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतील आम्हा पालकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे त्याखालील नियम सांगतात. आमची सहा वर्षांची मुले मात्र डंपरच्या वर्दळीतून याहून कितीतरी दूर चालत जात होती. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित भूखंड होता, पण तो खाडीच्या बाजूला, तिवरांना म्हणजे खारफुटीला लागून. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरांपासून पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. उरले होते ते वस्तीचे एकमेव मैदान. मैदानावर शाळा बांधावी असे पालकांनी म्हणताच वस्तीत उभी फूट पडली. जिथे शिमग्याची होळी लागते, संध्याकाळी कबड्डी रंगते आणि कडेला बोंबील वाळवण्याच्या वलांडी उभ्या राहतात, ती जागा एकदा भिंतीआड गेली की परत मिळणार नाही, ही ज्येष्ठांची भीती होती. मुंबईत राहणाऱ्या कोणालाही ती खोटी वाटणार नाही.

नगररचनाकार म्हणून निवृत्त झालेल्या आपल्याला आम्ही बोलावले ते आमची बाजू मांडण्यासाठी. आपण मात्र पहिल्या सभेत मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा नकाशा जमिनीवर अंथरलात, प्रत्येकाला त्यावर आपापले घर शोधायला लावलेत आणि सर्वांत आधी विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतलेत. बंगळूरमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नव्हता, हे आपण त्यांना समजावून सांगितलेत, तेव्हा आमच्यापैकी काहीजण नाराज झाले होते. सार्वजनिक मोकळ्या जागेला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते मानूनच शाळेचा मार्ग काढावा लागेल, हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना उमगले.

मार्गही आपणच दाखवलात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये आराखड्यात फेरबदल करून दोन आरक्षणांची अदलाबदल करावी, मैदानाचा रस्त्यालगतचा कोपरा शाळेला द्यावा आणि त्याहून क्षेत्रफळाने कमी नसलेला खाडीकडचा भूखंड बांधकामाविना कायम मोकळा ठेवावा, असा प्रस्ताव आपण कोणतेही मानधन न घेता तयार करून दिलात. राजपत्रातील सूचनेनंतर हरकतींसाठी मिळणाऱ्या एका महिन्यात आपण जे केलेत, त्यासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. आपण शाळेच्या विरोधकांच्या घरी गेलात आणि त्यांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत, नीट मुद्देसूद लिहून दिल्यात. हरकत कागदावर आली नाही तर ती मनात राहते आणि पुढे शाळेच्या दारातच उभी राहते, असे आपण मला सांगितले होते. सुनावणीत त्याच हरकतींमुळे प्रस्ताव सुधारला: इमारत पसरट न करता तळमजला अधिक दोन मजल्यांची झाली, कुंपण केवळ इमारतीभोवती घातले गेले, आणि शाळेच्या वेळेनंतर मैदान सर्वांसाठी खुले राहील, ही अट लेखी स्वरूपात आली. शाळेला क्रीडांगण असणे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार आवश्यकच आहे. तेव्हा मैदान वाचवण्यासाठी भांडणाऱ्या ज्येष्ठांनी खरे तर शाळेचीच एक गरज राखली, असे मला आता वाटते.

मंजुरीची वाट पाहताना आमचा धीर अनेकदा सुटला. प्रत्येक वेळी कोणता कागद कोठे अडला आहे हे आपण शोधून दिलेत, आणि पाठपुराव्याचे अर्ज आम्हाला स्वतः लिहायला शिकवलेत. आज समितीतील माता कोणाच्याही मदतीविना असे अर्ज लिहितात. मैदानासाठी हरकत घेणाऱ्यांपैकी एका आजोबांची नात यंदा पहिलीत दाखल झाली असून, तिच्या प्रवेशासाठी ते स्वतः आले होते.

आपण तयार केलेल्या प्रस्तावाची आणि सर्व हरकतींची प्रत मुख्याध्यापकांच्या कार्यालयात कोणालाही वाचता येईल अशी ठेवली आहे. खाडीकडच्या भूखंडाच्या हद्दीवर मोकळ्या जागेचा फलक लावण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. त्याचे उत्तर येताच आपल्याला कळवू.

आपली कृतज्ञ,
एक पालक, शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने
मुंबई