प्लग काढला की धोका संपला असं नसतं, काका

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी
विषय : मीटर रूममध्ये चालू असलेलं जुन्या कॉम्प्युटरचं रिपेअरिंग आणि तिथे साठवलेलं सामान

नमस्कार काका,

जुने कॉम्प्युटर गोळा करायचे, जमतील तेवढे चालू करून गरजू मुलांना द्यायचे, ही कमिटीची आयडिया मला मनापासून आवडलीये आणि मी स्वतः यायला तयार आहे, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचून मी विरोधात आहे असं वाटायला नको. माझा प्रॉब्लेम फक्त बोर्डावरच्या नोटिशीशी आहे. त्यात लिहिलंय की प्लग काढून काम करा, म्हणजे शॉकचा धोका नाही. मी हार्डवेअरच्याच धंद्यात आहे, रोज हेच उघडतो, आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे.

प्लग काढल्यावर बाहेरून येणारी वीज थांबते, आत साठलेली तशीच राहते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या कॅबिनेटच्या मागच्या त्या पत्र्याच्या डब्यात, मोठे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे पार्ट असतात. २३० व्होल्टच्या सप्लायवर त्यांच्यात ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी चार्ज होतो, नवीन प्रकारच्या एसएमपीएसमध्ये तर ३८० ते ४०० पर्यंत जातो. तो चार्ज हळूहळू उतरवायला एक रेझिस्टर दिलेला असतो पण आपल्याकडे आलेले पीस बिघडलेलेच आहेत ना, मग तोच रेझिस्टर गेला असेल तर? म्हणून एसएमपीएसचा डबा कोणीही उघडायचा नाही, खराब असेल तर अख्खा बदलायचा. जुन्या डब्बा मॉनिटरचं तर बोलूच नका, कलर पिक्चर ट्यूबला २५,००० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते. शिवाय आत व्हॅक्यूम आहे, ट्यूब फुटली तर काच जोरात उडते, आणि त्या काचेत शिसं असतं. ते मॉनिटर मागचं झाकण न उघडता सरळ ई-वेस्टला द्या, रिपेअर करून तरी आता कोण घेणारे. पातळ पण जुने एलसीडी, म्हणजे एलईडीच्या आधीचे, त्यांच्या मागच्या ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो, तेही खोलून बघायची हौस नको.

यूपीएस तर प्लग काढल्यावरसुद्धा चालूच असतो, त्याचं कामच ते! मागच्या सॉकेटमध्ये बॅटरीवरून पूर्ण व्होल्टेज येत राहतं. आणि ती आतली बॅटरी १२ व्होल्टची असली तरी हलक्यात घेऊ नका. १२ व्होल्टने शॉक लागत नाही हे खरं, पण दोन्ही टर्मिनलवर पाना किंवा हातातलं कडं पडलं तर क्षणभरात १०० अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो, धातू लाल होतो आणि अंगठीखालचं बोट भाजतं. परवा मीटर रूममध्ये डोकावलो तर एका बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमलेली दिसली आणि खालच्या पुठ्ठ्याला ओला डाग. आतलं ॲसिड बाहेर यायला लागलंय, सल्फ्युरिक ॲसिड. ती पावडर फुंकून साफ करणारा कोणीतरी नक्की निघेल, त्याला आधी थांबवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटं धुवायचं आणि मग डॉक्टर, चोळायचं नाही.

पण मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय तर कोपऱ्यातल्या त्या लॅपटॉपची. एकाचा टचपॅड वर उचलला गेलाय आणि झाकण नीट बंदच होत नाहीये, बाजूने बघितलं तर खालचा भाग पुरीसारखा फुगलाय. तो लॅपटॉप बिघडला म्हणून फुगला नाही, आतल्या लिथियम बॅटरीत गॅस झालाय. त्याच्यावर कोणीतरी दोन कीबोर्ड आणि एक प्रिंटर ठेवलाय. दाब पडून आतले थर एकमेकांना टेकले तर बॅटरी स्वतःच तापायला लागते आणि मग थांबवता येत नाही, जो धूर निघतो त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी गॅस असतात. आपल्या मीटर रूममध्ये सीओटूचा सिलेंडर लावलाय, विजेच्या आगीला तो बरोबर आहे, पण लिथियमची आग त्याने वरवर विझते, आतली उष्णता जात नाही आणि परत पेटते. पाण्याने बॅटरी थंड होते, पण मीटरच्या पॅनलशेजारी पाणी मारायचं कोणी? आणि ही खोली जिन्याखाली, म्हणजे अख्ख्या विंगचा खाली उतरायचा रस्ता तिथूनच.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे, की मीटर रूममधून हे सगळं आजच्या आज हलवा. काम क्लबहाऊसमध्ये करा, तिथे खिडक्या आहेत. फुगलेले लॅपटॉप चार्जिंगला लावायचे नाहीत, दाबायचे नाहीत, बॅटरी खेचून काढायची नाही, मोकळ्या जागेत बिल्डिंगपासून लांब पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवायचे आणि अधिकृत ई-वेस्टवाल्याला ते फुगलेत असं सांगून द्यायचे.

क्लबहाऊसमध्ये जायच्या आधी मात्र इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. काही लोक सांगतात की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि चप्पल घालून काम करा असा त्यावर उपाय काढतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कॅपॅसिटरमधून थोडासा करंट बॉडीवर येतोच, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातात. नुसत्या त्या करंटने सहसा काही होत नाही, पण उद्या आत फेज वायर बॉडीला टेकली तर पूर्ण व्होल्टेज पत्र्यावर येणार आणि ते जायला वाट नसणार. तिसरी पिन कापलेले प्लग फेकून द्या, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन लावू नका, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. स्टॅटिकसाठी, म्हणजे अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेसाठी आणलेले मनगटाचे पट्टे चांगले आहेत, पण ते चिप वाचवायला असतात, माणूस वाचवायला नाही. चालू मशीनवर काम करताना तो पट्टा काढून ठेवायचा, खरं तर चालू मशीनवर काम करायचंच नाही.

आता केमिकल. खिडकीत थिनरची बाटली दिसली, ती बोर्ड पुसायला आणली असेल तर प्लास्टिक पण खाईल आणि डोकं पण धरेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पण तेही १२ डिग्रीच्या वर पेटू शकेल एवढी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. धूळ उडवायच्या ब्लोअरच्या मोटरमध्ये ठिणग्या होतात, त्यामुळे अल्कोहोल मारलं की लगेच ब्लोअर नाही, आधी पूर्ण सुकू द्या. प्रिंटरचा टोनर सांडला तर घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ती पावडर इतकी बारीक असते की फिल्टरमधून मागे निघते आणि मोटरपर्यंत गेली तर पेटूही शकते. ओल्या फडक्याने पुसा, गार पाण्याने, गरम पाण्याने ती वितळून चिकटते. सोल्डरिंगचा धूर हा मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून लावतात त्या पदार्थाचा असतो, दमा असलेल्यांनी लांब राहावं. सोल्डरमधलं शिसं धुरातून कमी आणि हातातून जास्त पोटात जातं, त्यामुळे टेबलावर चहा-बिस्किटं नकोत आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. लहान मुलांना स्क्रू काढायला, रॅम लावायला जरूर बसवा, सोल्डरिंगच्या टेबलाजवळ नको.

आणि हो, तांब्यासाठी वायरी जाळायची कल्पना कोणीतरी ग्रुपवर टाकली होती. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन निघतात, ते कृपया होऊ देऊ नका.

नोटीस बदलायची असेल तर मजकूर मी लिहून देतो. मीटर रूमची चावी वॉचमनकडे आहे की सेक्रेटरींकडे तेवढं आज रात्रीपर्यंत कळवा. तो फुगलेला लॅपटॉप आणि गळकी बॅटरी उद्या सकाळी ग्लोव्हज घालून मी बाहेर काढतो, सोबत एक माणूस द्या आणि वाळूची सोय करून ठेवा.

तुमचा,
बी विंग, तिसरा मजला