गाडीभर फुलं आणि तुमची उघाडी

उट्रेख्त, नेदरलँड्स,
२३ एप्रिल २०२४

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "काय रे, ट्यूलिप बघितलेस का?" बघितले. पण जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तीन दिवस मला राहून राहून तुमचं खाजण, खाडीला बांध घालून मिळवलेली ती जमीन, आठवत होतं.

लेकीला सुट्टी नव्हती. तिने गाडीची किल्ली दिली आणि आम्ही दोघं निघालो. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून हाकायची. तुझी वहिनी शेजारी बसून दर चौकात "उजवीकडे हो, उजवीकडे" असा जप करत होती. त्या जपामुळेच घरी सुखरूप पोचलो, हे तिच्यासमोर कबूल करणार नाही.

पहिला दिवस लिसेचा. तिथली क्यूकेनहोफची बाग प्रसिद्ध, सत्तर लाख कंद लावतात आणि बाग जेमतेम आठ आठवडे उघडी असते. सुंदर आहे, पण आपल्याकडच्या जत्रेइतकी गर्दी. खरी मजा बाहेरच्या शेतांत. एका शेतात यंत्र फिरत होतं आणि फुललेल्या ट्यूलिपची मुंडकी सपासप उडवत होतं! वहिनी हळहळली. मग कळलं, इथे पीक फुलाचं नाहीच, कंदाचं. फूल तसंच ठेवलं तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. घड धरला की काकू केळफूल कापायच्या ना, तेच गणित. वहिनीने दुकानात कंद मागितले तर बाई हसली. लावणी शरदात, तेव्हा या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला आफस्लाउटडाइकवर. बत्तीस किलोमीटरचा बांध, १९३२ साली पुरा झाला. त्याआधी आत झाउडरझे नावाचा खारा समुद्र होता. आता आयसेलमेर हे गोड्या पाण्याचं तळं आहे. रस्ता तळ्याच्या बाजूने जातो, त्यामुळे गाडीतून समुद्र दिसतच नाही, मधे बांधाची भिंत! मी हिरमुसलो. स्मारकापाशी थांबून वर चढलो, तेव्हा एकीकडे खवळलेला समुद्र आणि दुसरीकडे संथ तळं. वारा असा की वहिनीची ओढणी जवळजवळ पलीकडच्या फ्रीसलँड प्रांतात गेली. तिथे वाकून दगड बसवणाऱ्या कामगाराचा पुतळा आहे. बांध आखणाऱ्या लेली साहेबाचाही पुतळा आहे, पण मला तो वाकलेला माणूस जास्त आवडला.

आणि आता ऐक. बांधाच्या दोन्ही टोकांजवळ दारं आहेत. ओहोटी लागली की आतलं जादा पाणी समुद्रात सोडायचं, भरतीला दारं बंद. अरे, ही तर आपली उघाडी, खाजणाच्या बांधातलं दार! आजोबा मध्यरात्री कंदील घेऊन ओहोटी गाठायला जायचे, फळी सडली की गावभर बोंब व्हायची. इथे यंत्रं, तिथे फणसाची फळी, एवढाच फरक. हे मी वहिनीला सांगत बसलो तर ती म्हणाली, "चहा प्यायला चला."

परतताना एका गावात उचलपूल वर गेला. एका शिडाच्या होडीसाठी वीस-पंचवीस गाड्या उभ्या, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. मला हात शिवशिवत होता.

तिसऱ्या दिवशी स्खोकलांड. हे एकेकाळचं बेट. समुद्र जमीन खाऊ लागला, म्हणून १८५९ मध्ये राजाच्या हुकमाने लोकांना हलवलं. पुढे १९४२ मध्ये भोवतालचा समुद्रतळच उपसून कोरडा केला. आता बेटाच्या जुन्या बंदरापाशी उभं राहिलं की समोर लाटा नाहीत, शेतं आहेत. मेंढ्या, नवी कोकरं. जिथे जहाजं नांगर टाकायची, तिथे गवत. बेट सोडून गेलेल्यांच्या नातवंडांपैकी कोणी हे बघायला आलं असेल का, असं मनात आलं.

लेक सांगत होती, इथे पाण्याच्या कामासाठी 'वाटरस्खाप' नावाची मंडळं आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. त्यांची निवडणूक होते, वेगळा करही भरावा लागतो. ती दरवर्षी कुरकुरते. मी म्हटलं, आमच्या दिग्याच्या गावात बांधाला माणशी एक दिवस मातीकाम होतं, तेही लोक चुकवायचे.

तुमची उघाडी अजून लाकडीच आहे की सिमेंटची झाली? एक फोटो पाठव. लेकीला दाखवायचाय, तिचा विश्वास बसत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अन्या